नवख्याच्या हाती आधी रसद द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिक आघाडीवरचा ‘वॉर इन द पॅसिफिक : अ‍ॅडमिरल्स एडिशन’ हा संगणकीय युद्धखेळ २००९ साली आला. चित्रे जुनाट, पडदा आकड्यांनी भरलेला, बटणे बारीक. तरीही तो आजवर टिकून आहे आणि नवी माणसे त्याच्याकडे वळत असतात. त्यातली बरीच पहिल्या आठवड्यातच खेळ बंद करतात. त्यांची चिकाटी कमी पडते असे आम्हाला वाटत नाही. जुने खेळाडू त्यांना चुकीच्या दाराने आत घेतात. ते दार बदलावे, यासाठी हे पत्र.

खेळाचा आवाका आधी सांगायला हवा. नकाशा भारतापासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पसरलेला आहे आणि त्यावर मुंबईचे बंदरही आहे. नकाशा षटकोनी घरांत विभागला असून एक घर ४० सागरी मैलांचे, म्हणजे साधारण ४६ मैलांचे. एक खेळी म्हणजे एक दिवस. प्रत्येक युद्धनौका वेगळी, प्रत्येक वैमानिकाला नाव आणि अनुभवाचा आकडा, प्रत्येक बंदराला आणि धावपट्टीला दर्जा. संपूर्ण मोहीम ७ डिसेंबर १९४१ ला सुरू होते. ती ऑगस्ट १९४५ पर्यंत नेली तर सुमारे १३५० खेळ्या होतात.

जुन्या खेळाडूंचा ठरलेला सल्ला असा असतो : पूर्ण मोहीम उघड, माहितीपुस्तिका वाच, दोनचार वेळा हर, मग कळेल. हा सल्ला नवख्याला पळवून लावतो. दोस्तराष्ट्रांच्या बाजूने मोहिमेची पहिली खेळी करायची तर पर्ल हार्बर, मनिला, सिंगापूर, सिडनी, कोलंबो, मुंबई अशा सगळीकडच्या शेकडो जहाजांना आणि तुकड्यांना आदेश द्यावे लागतात. त्यात सुट्टीचे दिवसच्या दिवस जातात. बरे, एवढे करून पहिल्या महिन्यात पदरात पराभवच पडतात, कारण इतिहासातही तेच झाले. त्यातला कोणता पराभव अटळ होता आणि कोणता स्वतःच्या चुकीचा, हे नवख्याला ओळखता येत नाही. शिकण्याची वाट तिथेच बंद होते.

सुरुवात ‘कोरल सी’ या लहान प्रसंगाने (खेळातल्या छोट्या, स्वतंत्र डावाने) करावी, दोस्तराष्ट्रांची बाजू घेऊन, संगणकाविरुद्ध. मे १९४२ मध्ये जपानी आरमार न्यू गिनीतील पोर्ट मोर्स्बी घ्यायला निघाले होते आणि ‘लेक्सिंग्टन’ व ‘यॉर्कटाउन’ या अमेरिकी विमानवाहू नौका त्याला अडवायला गेल्या होत्या. नकाशाचा एक कोपरा, मोजकी जहाजे, थोड्या दिवसांचा मामला. जपानची बाजू पहिल्यांदा घेऊ नये. मोठ्या मोहिमेत जपानी खेळाडूला खनिज तेल, तेलापासूनचे इंधन, कच्चा माल, कारखाने आणि विमानांचे उत्पादन हे सगळे स्वतः चालवावे लागते. दोस्तांच्या खेळाडूला बहुतेक वेळा रसद आणि इंधन या दोनच गोष्टी जागेवर पोहोचवायच्या असतात. ते आधी जमू द्यावे.

खेळ सुरू करण्यापूर्वीच्या पर्यायांत ‘फॉग ऑफ वॉर’, म्हणजे शत्रूची माहिती अर्धवट ठेवणारा पर्याय, चालू ठेवावा. तो बंद ठेवला की सोपे जाते, पण मग टेहळणी का करायची हेच कळत नाही. संगणकाची पातळी ‘हिस्टॉरिकल’ ठेवावी. अमेरिकी टॉर्पेडो भरवशाचे करणारा एक पर्याय आहे. तो चालू असो वा बंद, त्याचा अर्थ नवख्याला आधी सांगावा. युद्धाच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत अमेरिकी पाणबुड्यांचे मार्क १४ टॉर्पेडो नेम लागूनही फुटत नसत आणि हा दोष १९४३ च्या उत्तरार्धात जाऊन आटोक्यात आला. हा पर्याय बंद असेल तर खेळातही तेच घडते. हे ठाऊक नसलेला माणूस लागोपाठ चार टॉर्पेडो न फुटता गेलेले पाहतो आणि खेळ बिघडला आहे असे समजतो.

पहिल्या दोन खेळ्यांत काहीही आदेश देऊ नयेत. खेळी पुढे सरकवावी, लढाईचा अहवाल आणि दिवसभराच्या घडामोडींचा अहवाल वाचावा, त्यात आलेले प्रत्येक ठिकाण नकाशावर शोधावे. एवढ्याने निम्मी भीती जाते. तिसऱ्या खेळीला एकच काम हाती घ्यावे : ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरून पोर्ट मोर्स्बीला रसदीचा एक काफिला पाठवणे.

हे काम दिसते सोपे, पण खेळाचा गाभा त्यातच आहे. तीन-चार मालवाहू जहाजे निवडून मालवाहतुकीचा ताफा करावा, त्यांच्यासोबत दोन विनाशिका द्याव्यात. रसद भरावी, मुक्कामाचे बंदर ठरवावे, परतायचे बंदर ठरवावे. मग निघण्यापूर्वी तीन आकडे पाहावेत. पहिला, जहाजांचा पल्ला जाऊन-येऊन पुरतो का. दुसरा, मुक्कामाच्या बंदराचा दर्जा किती. तिसरा, शत्रूचा सर्वांत जवळचा विमानतळ किती घरांवर आहे. नवख्याची नेहमीची चूक दुसऱ्या आकड्यात होते. मोठा काफिला जमवून तो छोट्या बंदरात पाठवला जातो. छोट्या बंदरात एका वेळी थोडीच जहाजे धक्क्याला लागतात आणि माल उतरायला दिवसांमागून दिवस जातात. तेवढ्यात रबौलच्या जपानी तळावरून बॉम्बफेकी विमाने येतात आणि उभ्या जहाजांची शिकार करतात. उपाय साधा आहे : काफिला लहान ठेवायचा, फेऱ्या वाढवायच्या, आणि माल उतरत असेल त्या दिवसांत बंदरावर लढाऊ विमानांची गस्त असेल अशी तजवीज करायची. जहाजे बुडाली याचे खापर नवखा शत्रूच्या विमानांवर फोडतो. त्याला बंदराचा आकडा दाखवून द्यावा, तो कायमचा लक्षात राहतो.

मराठी माणसाला रसद हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पानिपतावर जानेवारी १७६१ च्या आधीच्या महिन्यांत काय झाले, गोविंदपंत बुंदेले पडल्यावर छावणीत धान्याची काय अवस्था झाली, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते. हा खेळ शिकवताना ‘सप्लाय’ हा शब्द पहिल्याच वाक्यात ‘रसद’ असा सांगितला, तर पुढची दहा पाने वाचायची गरज उरत नाही. रसद म्हणजे इथे अन्न, दारूगोळा, विमानांचे पेट्रोल, बांधकामाचे साहित्य सगळे एकत्र. ‘फ्युएल’ म्हणजे फक्त जहाजांचे इंधन. या दोहोंत गल्लत झाली की तळावर इंधनाचा साठा पडून असतो आणि विमाने मात्र उडत नाहीत, आणि नवखा तासभर कारण शोधत बसतो.

काफिला सुखरूप परतला की टेहळणी. इथेही शब्दांची गफलत असते. ‘नेव्हल सर्च’ समुद्रावरची जहाजे शोधते, ‘रेकी’ तळांची पाहणी करते. रेकीवर लावलेल्या तुकडीकडून शत्रूच्या ताफ्याची खबर मिळण्याची वाट पाहू नये. लांब पल्ल्याची कॅटलिना विमाने शोधासाठी उत्तम. पण एका तुकडीतली सगळीच्या सगळी विमाने रोज शोधाला लावली तर आठवड्याभरात वैमानिकांचा थकवा वाढतो आणि अपघातात विमाने जायला लागतात. काही टक्के विमाने विश्रांतीला ठेवावीत, शोधाची दिशा कोनांत आखून द्यावी. चहूकडे विरळ नजर फिरवण्यापेक्षा ज्या बाजूने शत्रू येणार तिकडेच पाहिलेले बरे.

टेहळणीच्या खबरीवर किती विश्वास ठेवायचा, हे मात्र इतिहासाकडूनच शिकावे. ७ मे १९४२ ला जपानी वैमानिकांनी एक विमानवाहू नौका आणि एक क्रूझर दिसल्याची खबर दिली. प्रत्यक्षात ते ‘निओशो’ हे तेलवाहू जहाज आणि ‘सिम्स’ ही विनाशिका होती. जपान्यांनी त्या दोघांवर सगळी ताकद खर्च केली आणि खऱ्या विमानवाहू नौका त्या दिवशी सुटल्या. खेळातही अहवाल असेच फसवतात. दोन वेगवेगळ्या विमानांनी, दोन वेगवेगळ्या वेळी तेच सांगितले तर मानावे.

विमानवाहू नौकांचा ताफा हाताळणे हा सर्वांत मोहाचा भाग आणि घात होण्याची जागाही हीच. ताफ्याला ‘रिअ‍ॅक्शन’चा एक आकडा असतो, शून्य ते सहा. शत्रूची चाहूल लागली की ताफा आपणहून किती घरे त्याच्याकडे धावेल, ते हा आकडा ठरवतो. नवख्याने तो शून्यावर ठेवावा. सहावर ठेवलेला ताफा संरक्षणाच्या छत्राबाहेर, शत्रूच्या किनारी विमानांच्या टप्प्यात जाऊन उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाडूला आपली जहाजे भलतीकडेच दिसतात. दुसरी गोष्ट, सगळ्या विमानवाहू नौका एकाच ताफ्यात कोंबू नयेत. १९४२ मध्ये दोस्तांच्या एका ताफ्यातील विमाने शंभराच्या पुढे गेली की हल्ल्याचे गट एकमेकांशी मेळ न राखता सुटे सुटे पोहोचण्याची शक्यता वाढत जाते. त्या काळात एका ताफ्यात एक, फार तर दोन नौका ठेवाव्यात आणि ते ताफे एकाच घरात एकत्र चालवावेत. तिसरी गोष्ट उंचीची. डाइव्ह बॉम्बर सूर मारून हल्ला करायला हवेत तर त्यांची उंची १० हजार ते १५ हजार फुटांच्या दरम्यान ठेवावी लागते. पाच हजारावर ठेवलेली विमाने हल्ला करतात, पण सूर मारत नाहीत आणि नेम ढासळतो. लढाऊ विमानांपैकी निम्म्याच्या आसपास डोक्यावरच्या गस्तीला ठेवून बाकीची हल्ल्यासोबत पाठवणे हे सुरुवातीला पुरेसे.

किनाऱ्यावरून टॉर्पेडो घेऊन उडणाऱ्या विमानांबद्दलही प्रश्न हटकून येतो : टॉर्पेडोऐवजी बॉम्बच का नेले? बहुतेक वेळा उत्तर एकच असते. त्या तळाजवळ हवाई दलाचे मुख्यालय नाही, किंवा असले तरी त्याच्याकडचा टॉर्पेडोंचा साठा संपला आहे.

कोरल सी दोनतीनदा खेळून झाले की ग्वाडलकनाल या सॉलोमन बेटांपैकी एका बेटावरच्या प्रसंगाकडे जावे. इथे उभयचर चढाई शिकता येते. शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचे तर ताफा ‘अँफिबियस’ प्रकारचाच हवा. साधा वाहतुकीचा ताफा स्वतःच्या बंदरात सैन्य नेण्यासाठी असतो. तुकडी जहाजावर चढवताना ती लढाईच्या तयारीत असावी, लांबच्या प्रवासासाठी बांधाबांध केलेल्या अवस्थेत नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे, तुकडीला लक्ष्य नेमून द्यावे आणि वाट पाहावी. लक्ष्याची तयारी शून्यापासून शंभरापर्यंत मोजली जाते आणि साधारण रोज एक गुण वाढतो. म्हणजे पुरती तयारी व्हायला तीन महिन्यांहून जास्त लागतात. अर्ध्या वाटेत लक्ष्य बदलले तर मोजणी पुन्हा शून्यावर येते. दहा-पंधरा गुणांवर उतरवलेली तुकडी किनाऱ्यावरच विस्कळीत होते. नवख्याला वाटते शत्रू फार बलवान होता. शत्रू बेताचाच असतो, घाई नडलेली असते.

ग्वाडलकनालचा खरा इतिहास इथे जोडीला ठेवावा. अमेरिकी मरीन ७ ऑगस्ट १९४२ ला उतरले. ९ तारखेला मालवाहू जहाजे बराचसा माल पोटात तसाच घेऊन माघारी फिरली. २० ऑगस्टला पहिली लढाऊ विमाने धावपट्टीवर उतरली, तेव्हा कुठे जीवात जीव आला. खेळाडूलाही हाच क्रम सांभाळायचा असतो : पहिल्या लाटेबरोबरच धावपट्टी बांधणारी अभियंत्यांची तुकडी, तिच्यामागे रसद, मग जमिनीवरचे हवाई कर्मचारी, शेवटी विमाने. जितकी विमाने तितकाच ‘एव्हिएशन सपोर्ट’, म्हणजे या कर्मचाऱ्यांचा आकडा, तळावर हवा. पन्नास विमाने आणि वीस सपोर्ट असेल तर बाकीची विमाने दुरुस्तीअभावी जागच्या जागी उभी राहतात आणि तोफांच्या भडिमारात जातात.

जमिनीवरची लढाई शेवटी घ्यावी, आणि तिच्यासाठी ब्रह्मदेशासारखी शाळा नाही. घर ४६ मैलांचे. जंगलात दिवसाला पाच मैल सरकणारी तुकडी एक घर ओलांडायला नऊ-दहा दिवस घेते. नवखा तिसऱ्या दिवशी कंटाळून आदेश बदलतो आणि चाललेले अंतर वाया जाते. नदी ओलांडून शत्रूच्या घरात शिरणारी तुकडी आपोआप ‘शॉक अ‍ॅटॅक’, म्हणजे सर्व ताकदीनिशी थेट हल्ला, करते, खेळाडूची इच्छा असो वा नसो. एखादी एकटी ब्रिगेड चिंदविन नदीपार ढकलली की ती पोहोचताक्षणी हल्ला चढवते आणि मोडते. पार जायचे तर सगळ्या तुकड्या एकाच दिवशी पोहोचतील असे पाहावे किंवा नदी नसलेल्या बाजूने शिरावे.

इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाकच्या टेकडीवर ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली. जपानच्या ३१ व्या डिव्हिजनचे तिथे गेलेले दिवस कोहिमा आणि इंफाळच्या बचावाला उपयोगी पडले. जपानी १५ व्या सेनेने ही मोहीम सुमारे तीन आठवड्यांच्या शिधेवर काढली होती. इंफाळचा साठा हाती येईल हा हिशेब चुकला आणि उपासमारीने सैन्य मोडले. खेळात हीच चढाई जपानच्या बाजूने करून पाहिली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रसदीचा आकडा लाल होतो. ती खेळी मुलांना दाखवावी. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर झालेला स्फोट आपल्याला शहराची दुर्घटना म्हणून माहीत आहे. ते जहाज याच युद्धाचा दारूगोळा घेऊन आले होते, हे नकाशावर मुंबईचे बंदर पाहताना आपसूक लक्षात येते.

पालकांनी हिंसेची चिंता करावी असे यात काही दिसत नाही. पडद्यावर रक्त नाही, तक्ते आहेत. चिंता करायचीच तर वेळेची करावी. एका बैठकीला तास-दीड तास आणि आठवड्याला तीन बैठका एवढ्यात कोरल सी आरामात पार पडतो.

आता जुन्या खेळाडूंसाठी थोडे. नवख्याने विचारले की त्याच्याकडून सेव्ह केलेली फाइल मागवून घ्या, ती उघडून पाहा, पण त्याची खेळी स्वतः करून देऊ नका. एका वेळी एकच चूक दाखवा. वैमानिकांचे प्रशिक्षण, तुकड्या एका मुख्यालयाकडून दुसऱ्याकडे घेण्यासाठी लागणारे राजकीय गुण, ठरलेल्या तारखेला परत पाठवायची ब्रिटिश जहाजे हे सगळे मोठ्या मोहिमेचे विषय आहेत. पहिल्या महिन्यात त्यांचा उल्लेखही नको. संक्षेप टाळा. तीन अक्षरांचे लघुरूप तुमच्या अंगवळणी पडले आहे, समोरच्याला ते शोधत बसावे लागते. मराठीत बोलत असाल तर ताफा, काफिला, रसद, गस्त, टेहळणी, थकवा हे शब्द तयार आहेत, ते वापरा. बटणावर जो इंग्रजी शब्द आहे तो सोबत एकदा सांगितला की पुरे.

ईमेलवरून दोघांत खेळायचा डाव नवख्याशी मांडलात तर पूर्ण मोहीम धरू नका. रोज एक खेळी म्हटली तरी ती साडेतीन वर्षांहून जास्त चालते, आणि असे डाव बहुधा एकाने मधेच सोडल्यामुळे संपतात. ग्वाडलकनालचा डाव मांडा आणि नवख्याला दोस्तांची बाजू द्या. दोघांकडे खेळाची आवृत्ती तंतोतंत एकच असू द्या, नाहीतर एकाला दिसलेली लढाई आणि दुसऱ्याला दिसलेली लढाई यांत फरक पडतो आणि नाहक संशय निर्माण होतो. शंका आली तर पडद्यावरच्या चलचित्रापेक्षा लेखी अहवाल खरा मानावा. आपसातले जादा नियम असतील तर पहिल्या खेळीपूर्वी लिहून द्या. विमानवाहू नौका बुडाली म्हणून नवखा डाव सोडू म्हणाला, तर त्याला थांबवा. बाकीची जहाजे घेऊन माघार कशी घ्यायची, हे शिकायची संधी त्याला तेव्हाच मिळते.

आणि नवख्यांना एक विनंती. प्रश्न विचारताना ‘माझी विमाने उडत नाहीत’ एवढेच लिहू नका. कोणता प्रसंग, खेळातली तारीख, तळाचे नाव, तिथली रसद, धावपट्टीचा दर्जा आणि तिला झालेले नुकसान, तुकडीचा थकवा आणि मनोधैर्य, त्या दिवशीचे हवामान, एवढे तपशील द्या. ते गोळा करतानाच दहापैकी सहा वेळा उत्तर तुम्हाला स्वतःलाच सापडेल, आणि उरलेल्या वेळी जुन्या खेळाडूला ते दोन मिनिटांत देता येईल.

आपले,
संगणकीय युद्धखेळांचे काही अभ्यासक, पुणे